अंगठेबहाद्दर आणि घरजावई

माझ्या मावशीच्या दातांत कपड्यांचे चिमटे असतात तोवर कुणी घाबरायचं कारण नसतं. त्या चिमट्यांमधूनच ती दिवसभर बोलते: गिऱ्हाइकांशी, मांजराशी, काकांशी. ऐकणाऱ्याला वाटावं, बाईची दाढ सुजली आहे आणि तशातच ती भाषणाला उभी राहिली आहे. पण एक एक चिमटा तोंडातून निघून एप्रनच्या खिशात पडायला लागला, की समजावं, प्रकरण गंभीर आहे. मांजरसुद्धा उठून भिंतीवर जाऊन बसतं.

मावशीची लाँड्री आहे आणि काकांची बेकरी. घर एकच, अंगण एकच. समोरच्या बाजूला पावाचं दुकान, मागे भट्टी, आणि भट्टीच्या मागच्या अंगणात मावशीची टाकी, पाट्या आणि दोऱ्या. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी थेट त्या अंगणात उघडते, त्यामुळे आम्हाला करमणुकीची कधी कमतरता पडली नाही. आई तर म्हणते, ‘रेडिओ बंद कर, बाहेरचा लागलाय.’

काका पहाटे उठतात. आयुष्यभर मिक्सरच्या घरघरीत बोलल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नाही. गुपितसुद्धा ते ओरडून सांगतात. आणि त्यांचा उजवा अंगठा! पिठाच्या गोळ्यात अंगठा दाबायचा, खळगा सावकाश वर आला की पीठ तयार. हे त्यांच्या हाडात इतकं मुरलंय, की दिसेल त्या वस्तूत ते अंगठा दाबून बघतात. उशी, नवे बूट, मांजराचं पोट, दुसऱ्याच्या सोफ्याची गादी. माझा जन्म झाला तेव्हा दवाखान्यात माझ्या गालावर अंगठा दाबून ते म्हणाले होते, “छान आहेएए! पण अजून थोडी आत राहिली असती तरी चाललं असतं!” अख्ख्या वॉर्डातली बाळं जागी झाली. गल्लीने त्यांचं नाव अंगठेबहाद्दर ठेवलंय. खरं तर काका रोज दोन वर्तमानपत्रं वाचतात, अग्रलेखासकट, पण नाव पडलं ते पडलं.

आता अंगणातल्या झाडाकडे येते.

झाड आलं मावशीच्याच गाठोड्यातून. लॉजवरून आलेल्या चादरी ती टाकीत टाकत होती, तेवढ्यात एका उशीच्या अभ्र्यातून टुणकन काहीतरी जमिनीवर पडलं. लाकडी भोवऱ्याएवढी गुळगुळीत तपकिरी बी. कुणातरी पाहुण्याने अंथरुणात बसून फळ खाल्लं असणार. मावशी म्हणाली, “लोकांना झोपायला खोली देतात की जेवायला?” आणि फेकायला हात उचलला. काकांनी तो वरच्या वर धरला. अंगठा दाबला. बीला एक बारीक भेग होती.

“अगंऽ, ही फुगतेय! पावाच्या कवचासारखी फुटतेय बघ! जिवंत आहे ही!”

“उंदीरपण जिवंत असतात. त्यांना ठेवता का?”

पण काकांनी ती ओल्या फडक्यात गुंडाळून पीठ फुगायला ठेवतात त्या उबदार फळीवर ठेवली. कोंब आला. फळवाल्याने बघून सांगितलं, “अ‍ॅव्होकॅडो आहे. बीपासून लावताय? मग नातवंडांना सांगून ठेवा, ती खातील.” काकांना नातवंडं नाहीत, मुलंही नाहीत, पण त्यांनी ते शब्द आशीर्वादासारखे घेतले. अंगणाच्या मधोमध, जिथे सगळ्यात जास्त ऊन पडतं, तिथे त्यांनी मातीचा उंचवटा केला, भोवती विटा लावल्या आणि वर रोप लावलं. उंचवटा कशाला, तर या झाडाच्या मुळांशी पाणी साचलं की ती कुजतात.

“त्याला पाय ओले चालत नाहीत,” काका म्हणाले.

मावशीने एक चिमटा काढला. “पाय ओले चालत नाहीत! मी लग्न झाल्यापासून ओल्या पायांनी उभी आहे. माझ्यासाठी कधी चौथरा बांधलात?”

झाड वाढलं. कसलं वाढलं! आधी माझ्या कमरेएवढं, मग मावशीएवढं, मग भट्टीच्या छपरापर्यंत. दर वर्षी मोठमोठी चकचकीत पानं, आणि फळ म्हणाल तर नाव नको. मावशीने त्याचं नाव ठेवलं घरजावई. “खातंय, पितंय, मधल्या जागेत ऐसपैस पसरलंय, आणि कामाचं विचाराल तर पानं गाळतंय. वर त्याचे पाय ओले होऊ द्यायचे नाहीत!” फुलं यायची, भरभरून यायची, पिवळट हिरव्या घोसांनी झाड लगडायचं, काका दोन्ही हात वर करून नाचायचे, आणि मग सगळी फुलं मावशीच्या धुतलेल्या चादरींवर पडायची. त्या पुन्हा धुवायच्या. तुम्हीच सांगा, बाईने काय करावं?

मग लॉजवाल्या बाईंनी वरचा मजला बांधायला काढला. त्या नाकातून बोलतात आणि प्रत्येक वाक्य सुस्काऱ्याने संपवतात. “चादरी दुप्पट होतील हो, हंऽ. वाळवायला जागा आहे ना, हंऽ? नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल, हंऽ.” मावशीने आहे म्हणून सांगून टाकलं. आणि घरी येऊन अंगणाच्या मधोमध उभी राहून सगळे, म्हणजे सगळेच्या सगळे चिमटे तोंडातून काढले. मी खिडकीत होते. आईने गॅस बारीक केला.

“अहो, नीट ऐका. वरचा मजला थंडीत सुरू होणार. मला इथे दोन दोऱ्या जास्त लागणार आणि इथे ऊन लागणार. हे काम गेलं तर मी म्हातारपणी फक्त तुमचे एप्रन धूत बसेन.”

“झाडाला काही करायचं नाहीऽ!”

“ओरडू नका, मी समोरच आहे. थंडीपर्यंत मुदत देते. एक फळ. खाण्याजोगं एक. माझ्या ताटात. नाहीतर करवतवाला येईल.”

काकांनी झाडाकडे बघितलं. मला वाटलं आता ‘दिलं!’ म्हणून ओरडतील. पण ते पहिल्यांदाच हळू बोलले, म्हणजे इतकं हळू की फक्त आम्हाला आणि शेजारच्या दोन घरांनाच ऐकू गेलं.

“अगं, मी जे करतो ते संध्याकाळपर्यंत लोक खाऊन टाकतात. चांगलंच आहे, त्यासाठीच करतो. पण सकाळी उठलो की पुन्हा फळ्या रिकाम्या. हे एकच असं आहे, जे काल होतं तिथेच आज असतं. आणि वर थोडं वाढलेलं असतं.”

मावशीने मातीतून एक गळलेलं पान उचललं. मग म्हणाली, “माझं धुतलेलंही परत मळूनच येतं. म्हणून मी काय चादरी जमिनीत लावू?” आणि चिमटे पुन्हा तोंडात घातले. म्हणजे मुदत पक्की.

त्या वर्षीची फुलं आली तेव्हा काका भट्टीवरून दर थोड्या वेळाने अंगणात धावायचे. हाताला पीठ, कपाळाला पीठ. फुलं एवढी बारीक, की नाक लावून बघावं लागे. आणि तिथेच ते ऐतिहासिक भांडण झालं.

काका म्हणाले, “फुलाच्या मधोमध एक बारीक काडी असते. एकच. बाकीचे तंतू आडवे पसरलेले, सुके.”

मावशी चिमट्यांमधून म्हणाली, “काहीतरीच! मधे चांगले उभे तंतू असतात आणि त्यांच्या टोकांना पिवळी पूड. माझ्या पांढऱ्या अभ्र्यांवर कुठून येते ती पूड? तुमच्या काडीतून?”

“मी रोज बघतोऽ!”

“मीपण रोज बघते. डोळे उघडून बघते.”

“म्हणजे मी काय झोपेत बघतो?”

“तुमचं तुम्हाला माहीत.”

पुढचे दोन दिवस घरात दुसरा विषय नाही. पाव घ्यायला आलेल्या माणसाला काका विचारायचे, “फुलात काडी की पूड?” तो बिचारा म्हणायचा, “दोन पाव.” शेवटी काकांनी सकाळी सकाळी एका घोसातल्या एकाच उमललेल्या फुलाला पावाची पुडकी बांधायचा लाल दोरा अलगद बांधला आणि ओरडले, “हे बघ! पुरावा! यात काडी आहे! ये आणि बघ!” मावशी तेव्हा लॉजवर गाठोडं पोचवायला निघाली होती. म्हणाली, “आल्यावर बघते.” ती दुपारी आली, तोवर काका जेवून झोपलेले. बेकरीवाल्यांची दुपार म्हणजे आपली मध्यरात्र. ती दोऱ्यापाशी गेली. फूल मिटलेलं.

संध्याकाळी तिने हसत हसत सांगितलं, “तुमचा पुरावा डोळे मिटून बसलाय. लाजला असेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पुन्हा गेले. फूल मिटलेलंच. काका दिवसभर कुणाशी धड बोलले नाहीत. आणि दुपारी मावशी चादरी उतरवत असताना तिची किंकाळी आली. मी खिडकीत पोचले तर ती एका हाताने फांदी धरून उभी, आणि सगळे चिमटे खाली मातीत. काढले नव्हते, पडले होते. असं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

“अहो! अहो, उठा! उठा म्हणते ना!”

काका एका पायात चप्पल घालून बाहेर आले. “काय झालं? आग लागली?”

“दोरा तोच आहे ना?”

“तोच.”

“गाठ तुमचीच ना? अशी फताडी गाठ दुसरं कुणी मारत नाही.”

“माझीच. पण काय झालंय काय?”

“मग बघा आत!”

काकांनी नाक लावलं. बराच वेळ लावलं. मग मागे सरले आणि त्यांनी मावशीकडे असं बघितलं, जणू तिनेच जादू केली.

“पूड,” ते म्हणाले. “उभे तंतू. पूड.”

“फूल तेच!”

“फूल तेच! सकाळी काडीवालं होतं!”

“आणि आता पूडवालं!”

“दोनदा उमलतंऽऽ! एकच फूल दोनदा उमलतंऽऽ!”

आणि दोघं एकमेकांचे हात धरून त्या उंचवट्याभोवती फिरायला लागले. पीठ आणि साबण, दोन्हींची मिळून पातळ खळ झाली असेल. आईने खिडकीतून विचारलं, “काय झालं गं?” तर मावशी म्हणाली, “आम्ही दोघं बरोबर होतो!” त्यांच्या लग्नाच्या इतक्या वर्षांत हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं, असं आई म्हणते.

मग उलगडा झाला. झाड सकाळी बाईची फुलं उघडतं, ती पूड घ्यायला तयार असतात. दुपारी आदल्या दिवसाची फुलं पुरुष होऊन उघडतात, ती पूड द्यायला तयार असतात. सकाळवाल्यांना दुपारवाली भेटत नाहीत. “अगदी आपल्यासारखंच,” मावशी म्हणाली. “एक उठतो तेव्हा दुसरं झोपलेलं.” आसपास दुसरं झाड असतं, उलट वेळापत्रकाचं, तर भागलं असतं. पण गल्लीत दुसरं अ‍ॅव्होकॅडो कुठून आणणार? नवीन लावलं तर लॉजचा मजला काय, लॉजच जुना होईल.

काकांनी बेकरीतून ब्रश आणला. गोड पावाच्या वर दूध फासतात ना, तो. धुऊन, वाळवून, मऊ केसांचा. “दुपारी तू पूड गोळा करायची. मी सकाळी काडीला लावायची.”

“दुपारी मला चादरी असतात.”

“सकाळी मला भट्टी असते.”

“बरं,” मावशी म्हणाली. “पण मी हे झाडासाठी करत नाहीये. मला फक्त बघायचंय.”

बघायचंय! रोज दुपारी ती शिडीवर. एका काचेच्या वाटीत फुलांवरून ब्रश झटकून पूड पाडायची, झाकण लावून वाटी फ्रिजमध्ये लोण्याशेजारी ठेवायची आणि झोपलेल्या काकांच्या दाराबाहेर उभी राहून ओरडायची, “ठेवलीय हो!” सकाळी काका पाव भट्टीत घालून शिडीवर. फुलांना ब्रश लावताना ते श्वास रोखून धरायचे, त्यामुळे फक्त तेवढाच वेळ गल्लीत शांतता असायची. बरं, पाव एकदा करपले. गिऱ्हाईक म्हणालं, “काळे का?” काका म्हणाले, “फूल उमललं होतं.” गिऱ्हाइकाने अभिनंदन केलं. काय कळलं त्याला, कोण जाणे.

आणि फळं धरली! आधी बाजरीच्या दाण्याएवढी, मग वाटाण्याएवढी. बरीचशी गळली. प्रत्येक गळलेलं फळ काका तळहातावर घेऊन मावशीला दाखवायला आणायचे आणि ती म्हणायची, “जाऊ द्या हो, मागे आहेत अजून.” हेही ऐकून घ्या, तिने ते झाडासाठी म्हटलं नव्हतं. शेवटी बोटांवर मोजण्याएवढी राहिली, पण ती टिकली. फुगली. नाशपातीच्या आकाराची, हिरवीगार, अंगावर बारीक ठिपके. उन्हाळा सरला, पावसाचे दिवस गेले, फळं मुठीत मावेनाशी झाली. मावशीचा नेम होता: चादरी घालताना प्रत्येक फळाकडे एक नजर. मी नक्कल करून दाखवली तर म्हणाली, “मी ऊन बघत होते.”

पण आता काकांच्या अंगठ्याची वेळ आली. आणि इथेच सगळा घोटाळा झाला.

काकांचा एक नियम आहे. भट्टीतून काहीही झाल्याशिवाय बाहेर काढायचं नाही. कुणी कितीही घाई करो, दारात गिऱ्हाइकांची रांग असो. ‘एकदा कच्चं काढलं की ते कच्चंच राहिलं. परत भट्टीत घातलं तरी ते सुकतं, शिजत नाही.’ गेली कित्येक वर्षं ते हे प्रत्येकाला सांगत आलेत. त्यांना झाड म्हणजे भट्टीच. रोज सकाळी शिडीवर चढून एकेका फळावर अंगठा दाबायचे. आणि रोज वरून घोषणा व्हायची.

“दगड!”

“दुसरं?” खालून मावशी.

“दगड!”

“तिसरं?”

“वीट!”

थंडी पडायला लागली. फळं दगडच. लॉजचा वरचा मजला रंगवून झाला. मावशी म्हणाली, “अहो, एक तोडून बघू या तरी.”

“कच्चंऽ? कच्चं तोडायचं? अंगठा सांगतोय नाही म्हणून.”

“अंगठा झाडावर चढलाय. जरा खाली आणा त्याला.”

“झाल्याशिवाय काढायचं नाही!”

ती चादरींकडे वळली. मावशीचाही एक नियम आहे, पण तो भट्टीच्या अगदी उलटा. कपडे पूर्ण वाळायच्या आत उतरवायचे. ओलसर असतानाच. कडक वाळले की इस्त्री बसत नाही, सुरकुत्या कायमच्या. आईने एकदा तिच्या चादरी संध्याकाळपर्यंत दोरीवर राहू दिल्या, तर मावशी तिला म्हणाली होती, “ताई, वाळवण आणि पापड यात फरक असतो.” उतरवायच्या, घड्या करायच्या, गरम इस्त्री फिरवायची आणि एकावर एक रचून लाकडी कपाटात ठेवायच्या. उरलेला ओलावा तिथे उबेत आपोआप जिरतो. तिच्या मते सगळं खरं काम कपाटातच होतं.

लॉजवाल्या बाईंचा निरोप आला: “सोमवारपासून चादरी पाठवते, हंऽ.” आणि रविवारी करवतवाला आला.

करवतवाला म्हणजे खांद्यावर करवत, कानामागे पेन्सिल आणि प्रत्येक गोष्टीवर एकच मत. “आपलं काय, सांगाल तसं.” झाडाकडे वर बघून म्हणाला, “चांगलं झाड आहे. तोडायचं तर तोडू. आपलं काय.”

काका फाटकाशी उभे होते. ओरडले नाहीत. दुकान उघडं, पण ते दुकानात नव्हते. हातात तो दूध फासायचा ब्रश, तो का घेतला होता त्यांनाच ठाऊक. म्हणाले, “मुदत संपली. तिने दिली होती, मी मान्य केली होती.” आणि मी खिडकी सोडून अंगणात आले होते, तर मला म्हणाले, “तू आत जा, इथे भुसा उडेल.” मी अर्थातच गेले नाही.

करवतवाल्याने शिडी लावली. “आधी वरचं काढतो, मग खोड.” आणि चढायला लागला.

मावशी घरात होती. उद्या नव्या चादरींची गाठोडी येणार म्हणून कपाट रिकामं करत होती. आतून चादरींचे गठ्ठे आपटल्याचा आवाज. मग आवाज थांबला. मग ती दारात आली. हातात घडी केलेली चादर, चादरीवर काहीतरी. आणि तोंडात चिमटे नव्हते. एकही.

“थांब रे!” ती करवतवाल्यावर ओरडली. काकांपेक्षा मोठ्याने. शपथेवर सांगते, काकांपेक्षा मोठ्याने. “खाली उतर! अहो, इकडे या! आणि अंगठा घेऊन या!”

काका आले. चादरीवर एक अ‍ॅव्होकॅडो. पण हिरवं नव्हतं, जांभळट काळपट झालं होतं.

“हे कुठलं?”

“आपलंच. मी आठवड्यापूर्वी तोडलं. तुम्ही झोपला होता तेव्हा. आणि घड्यांमध्ये ठेवलं, मागच्या रांगेत.”

“कच्चं तोडलंस?”

“ओलसर असतानाच,” मावशी म्हणाली. “दाबा.”

काकांचा अंगठा, एरवी दोन पावलांवरून पुढे येणारा तो अंगठा, चक्क मागे राहिला. मग त्यांनी हळूच टेकवला. दाबला. आम्ही सगळे वाकून बघत होतो, करवतवालासुद्धा. फळात खळगा पडला. अगदी हलकासा, आणि मऊ.

काकांनी अंगठा तसाच ठेवला. त्यांचा जबडा हलत होता, पण आवाज नाही. मग एकदम, “झालंऽऽऽ!” आणि दुकानात उभं असलेलं गिऱ्हाईक दचकून बाहेर पळालं.

पुढे काय झालं ते मी जितक्या वेगाने सांगेन तितकं कमीच. काका धावत दुकानातून गरम पाव घेऊन आले. मावशीने इस्त्रीच्या टेबलावरच फळ कापलं, आतून लोण्यासारखं पिवळं हिरवं आणि मधोमध तपकिरी बी, जिच्यापासून सगळं सुरू झालं होतं तशीच दुसरी. पावावर फासलं, मीठ टाकलं, ताटात ठेवलं. कारण अट ताटाची होती. मावशीने पहिला घास घेतला. काका तिच्या तोंडाकडे बघत होते, पावाची पहिली लादी बाहेर काढताना बघतात तसे.

“काय?”

मावशी चावत राहिली.

“अगं, काय?”

“मीठ कमी आहे,” मावशी म्हणाली. “पण जावई कामाला लागला.”

करवतवाल्यानेही खाल्लं. दोनदा खाल्लं. मग तोंड पुसून वर बघून म्हणाला, “हे झाड खोडापासून तोडायचं? तसं नको. वरचं वरचं कापू. फळं हाताशी येतील, आणि ऊन खाली येईल. आपलं काय म्हणता येणार नाही आता, आपणही खाल्लंय.” आणि त्याने वरचा भाग उतरवला. खाली उन्हाचा एक मोठा तुकडा पडला. एका दोरीपुरता.

दुसऱ्या दोरीचं काय? दुपारी काका झोपले नाहीत. मावशीसमोर येऊन म्हणाले, “अगं, भट्टीच्या वर माळा आहे. दिवसभर गरम असतो. तिथे घाल चादरी.”

मावशी बघतच राहिली. त्या माळ्यावर तिने एकदा, फार पूर्वी, एक टॉवेल वाळत घातला होता, तर काका म्हणाले होते, ‘पावाला साबणाचा वास येईल’ आणि दोन दिवस अबोला झाला होता.

“आणि पावाला वास आला तर?”

“चादरींना पावाचा येईल,” काका म्हणाले. “तो चांगला असतो.”

आणि आलाच. लॉजवाल्या बाई परवा सुस्कारा न टाकता म्हणाल्या, “पाहुणे म्हणतात, या चादरींत झोपलं की भूक लागते.” हे बरं की वाईट, त्यांनाही ठरवता आलेलं दिसलं नाही, पण चादरी येतायत. ही फळं झाडावर मऊ होतच नाहीत, म्हणून बाकीची मावशीने एक एक करून दगड असतानाच तोडली आणि कपाटात ठेवली. प्रत्येक वेळी काका अंगठ्याला दुसऱ्या हाताने धरून ठेवतात. बघवत नाही. पण ऐकतात.

सगळं आता गोड झालंय, असं तुम्हाला वाटत असेल. तर आजचीच गोष्ट ऐका. माळ्यावरच्या चादरी उतरवायचं काम मावशीने काकांना सकाळीच सांगितलं होतं. संध्याकाळ झाली तरी चादरी वरच. ती माळ्याच्या पायऱ्यांशी जाऊन हाक मारतेय आणि वरून काकांचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू येतोय.

“नाही काढणार! दाबून बघितल्या! अजून मधे थोड्या ओल्या आहेत! पूर्ण झाल्याशिवाय काढायच्या नाहीतऽऽ!”

मी खिडकीत आहे. मांजर भिंतीवर गेलंय. आईने गॅस बारीक केलाय. आणि खाली, पायऱ्यांशी, मावशीने पहिला चिमटा तोंडातून काढलाय.